द्यूत आणि द्राक्षबाग

नलराजाने द्यूतात राज्य गमावले, व ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून ते पुन्हा जिंकले, ही वनपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. ऋतुपर्णाने बेहड्याची पाने-फळे अजमावली. नलाने ती मोजून पारखली. युरोपात १६५४ साली पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहाराने ह्या विद्येस गणिताचे रूप दिले. फाशाच्या बाजू सहा व सारख्या. म्हणून सहाचे दान पडण्याची संभाव्यता १/६, दोन्ही फाशांवर १/३६. ही तर्कसिद्ध. परंतु पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेवर गारा पडतील काय? आभाळास सारख्या बाजू नसतात! तेथे मागील नोंदच हवी: २० वर्षांत ४ वेळा गारपीट झाली असे धरल्यास १/५. ही अनुभवसिद्ध. नुसत्या आभाळाकडे पाहून बांधलेला अदमास ही तिसरी, व्यक्तिनिष्ठ. ज्या बागाईतदाराकडे नोंदवही नाही, तो ऋतुपर्ण भेटण्यापूर्वीचा नलच होय.