फुलपाखरे, उच्चपर्वतीय : उत्क्रांती व जनुकीय अनुकूलन

वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडे संपून गवत, खडक आणि बर्फ उरतो तिथे आयुष्य काढणाऱ्या फुलपाखरांना उच्चपर्वतीय फुलपाखरे म्हणतात. ही सगळी एका घराण्यातली नाहीत. पुच्छ कुळातील अपोलो (पर्नेसियस), पीत कुळातील कोलियास, कुंचलपाद कुळातील इरेबिया आणि ईनिस, नील कुळातील लायसीडीस या प्रजातींचे परस्परांशी नाते दूरचे आहे. प्रत्येकीने उंची स्वतंत्रपणे गाठली. हिमालय, तिबेट, पामीर, आल्प्स, रॉकी, सिएरा नेवाडा ही त्यांची मुख्य ठिकाणे. लडाख व तिबेटमध्ये अपोलोंच्या काही जाती 5,000 मीटरांच्या आसपास उडतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो.

थंडी हे या जीवांपुढचे उघड संकट. परंतु खरी टंचाई असते ती उबदार वेळेची. फुलपाखराच्या उड्डाणस्नायूंना हवेपेक्षा बरेच अधिक तापमान लागते. कोलियासला जोमाने उडण्यासाठी शरीर सुमारे 35 ते 38 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, आणि आजूबाजूची हवा कित्येकदा पंधरा अंशांचीही नसते. मधले अंतर उन्हाने भरून काढायचे. ढग आला की उड्डाण थांबते, आणि त्याबरोबर जोडीदाराचा शोध, अंडी घालणे, मध टिपणे हे सारे थांबते. उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यातले ऊन काही तासांचे. पर्वतीय फुलपाखरांची जवळजवळ प्रत्येक खूण या हिशेबातून समजते.

अमेरिकन शास्त्रज्ञ वॉर्ड वॉट यांनी कोलोरॅडोतील रॉकी पर्वतात कोलियासवर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा 1968 सालचा रंगद्रव्यावरील अभ्यास या विषयाचा पाया मानावा लागेल. कोलियास पंख मिटून, उन्हाला कूस देऊन बसते. त्यामुळे मागच्या पंखांची खालची बाजू उन्हात येते. उंचावरच्या जातींत हीच बाजू काळ्या खवल्यांनी गडद झालेली दिसते आणि छातीवरची लव दाट असते. मात्र काळेपणा जितका जास्त तितका चांगला, असा समज करून घेऊ नये. वारा पडलेल्या निरभ्र दुपारी असे गडद फुलपाखरू चाळीस अंशांच्या पुढे तापू शकते, आणि अतितापाने मादीची अंडी कमी होतात. म्हणून प्रत्येक उंचीवर काळ्या रंगाचे प्रमाण नैसर्गिक निवडीने वेगळे ठरते. अपोलोची रीत उलटी. ते पंख सपाट उघडून ऊन खाते. पंख उष्णतेचा मंद वाहक असल्याने त्याच्या टोकाला मिळालेली ऊब शरीरापर्यंत पोचत नाही. उपयोगाची असते ती बुडाजवळची. अपोलोच्या पंखांचा शरीरालगतचा भाग काळपट आणि बाहेरचा पांढरा, अर्धपारदर्शक असतो, तो यामुळे.

रंगाच्या खाली रसायन आहे. शर्करेतून ऊर्जा काढण्याच्या मार्गावर फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज (पीजीआय) नावाचे विकर काम करते आणि उडत्या स्नायूंना इंधन पुरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कोलियासच्या एकाच समूहात या विकराची अनेक जनुकीय रूपे आढळतात. काही रूपे झपाट्याने काम करतात पण उष्णतेत लवकर बिघडतात. काही उष्णता सोसतात, पण संथ असतात. वॉट आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, आईबापांकडून दोन वेगळी रूपे मिळालेली काही फुलपाखरे दिवसाचा अधिक काळ उडू शकतात आणि त्यांतल्या नरांना जोडीदारही अधिक मिळतात. त्यामुळे एक रूप जिंकून बाकीची नष्ट होत नाहीत. विविधता टिकून राहते. आल्प्समधील लायसीना टायटिरस या छोट्या फुलपाखरात मात्र उंचीवर याच विकराच्या एका रूपाचे प्राबल्य आढळते. म्हणजे एकाच जनुकाने दोन पर्वतांवर दोन वेगळी उत्तरे दिली.

कोलियासच्या अनेक जातींत पिवळ्या किंवा नारिंगी माद्यांबरोबर पांढऱ्या माद्याही असतात. त्यांना ‘अल्बा’ म्हणतात. रंगद्रव्यासाठी लागणारा नायट्रोजनयुक्त माल त्या रंगावर न खर्चता शरीराच्या वाढीला आणि अंड्यांना देतात. नर त्यांच्याकडे कमी वळतात, हा तोटा. पण थंड प्रदेशात झटपट वाढ होणे इतके मोलाचे असते की, उंचीवर आणि उत्तरेकडे पांढऱ्या माद्यांचे प्रमाण वाढते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, युरोपातील कोलियास क्रोसिया या जातीत अल्बाचे मूळ बारएच-1 या जनुकाजवळ शिरलेल्या एका फिरत्या डीएनए तुकड्याशी जोडले गेले. पुढे 2023 मध्ये हे रूप संपूर्ण प्रजातीत एकदाच, फार पूर्वी निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला. जाती फुटत गेल्या तरी हा जुना वारसा त्यांच्यात टिकून राहिला.

सिएरा नेवाडातील लायसीडीसची कथा मला या सर्वांत विलक्षण वाटते. 2006 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार तिथल्या वृक्षरेषेवरचा समूह दोन जातींच्या संकरातून जन्मलेला आहे. गुणसूत्रांची संख्या न बदलता प्राण्यांत अशी नवी जात घडल्याची उदाहरणे थोडी आहेत. या फुलपाखराची अंडी वनस्पतीला चिकटत नाहीत, गळून पडतात. सखल भागात हा दोष ठरला असता. इथे मात्र खाद्यवनस्पतीचा वरचा वाळलेला भाग हिवाळी वारे उडवून नेतात. त्यावर चिकटलेले अंडे त्याच्याबरोबर गेले असते. खाली पडलेले अंडे वनस्पतीच्या बुडाशी राहते आणि वसंतात अळीला तिथेच कोवळा कोंब मिळतो.

उधारीची जनुके अँडीजमध्येही दिसतात. हेलिकोनियस एराटो आणि हेलिकोनियस मेल्पोमेने या जाती खरे तर उष्ण रानातल्या. त्या पर्वताच्या दोन्ही उतारांवर सुमारे 1,200 मीटरांपर्यंत चढल्या आहेत. ही उंची हिमालयाच्या मानाने किरकोळ, पण अनुकूलन घडताना पाहण्यासाठी सोयीची. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 518 जीनोमांच्या तुलनेत एकाच जातीच्या वेगवेगळ्या डोंगरी समूहांत बदल पुन्हा पुन्हा त्याच जागी झालेले आढळले. दोन जातींमध्ये मात्र साम्य थोडेच निघाले. बदललेल्या भागांपैकी बरेच समूहात आधीपासून असलेल्या विविधतेतून किंवा उंचावरच्या नातेवाईक जातींशी झालेल्या संकरातून आलेले असावेत. उंचीसाठी ठरलेले एकच जनुक शोधण्याचा हट्ट म्हणूनच सोडून द्यावा.

इरेबिया प्रजातीत उत्क्रांतीने गुणसूत्रांचीच मोडतोड केली. तिच्या नव्वदहून अधिक जाती आहेत. त्यांतील टिंडारस गटात गुणसूत्रांची एकेरी संख्या 8 पासून 51 पर्यंत बदलते. हिमयुगांत हिमनद्यांनी हे समूह वेगवेगळ्या आश्रयस्थानी कोंडले. बर्फ हटल्यावर ते पुन्हा भेटले तेव्हा जातींच्या काही जोड्या आल्प्समध्ये अगदी अरुंद पट्ट्यापुरत्याच एकत्र आल्या.

अपोलोंचा इतिहास जुना आणि भारताला जवळचा. त्यांच्या उपकुळातील अनेक नातेवाईक अजूनही ईश्वरीच्या वंशातील वेलींवर वाढतात. अपोलोंनी ती वाट सोडून सेडम, ऱ्होडिओला (आपल्या पानफुटीच्या कुळातील) आणि कोरिडॅलिस या पर्वतीय वनस्पती धरल्या. तिबेटच्या पठाराभोवती मायोसीन काळापासून त्यांच्या जाती फुटत गेल्या. पूर्व चीनमधील पर्नेसियस ग्लेशियालिस तर पठाराकडून पुन्हा सखल प्रदेशात उतरली. चढण एकतर्फी नसते. अनेक जातींत अळी अंड्याच्या कवचातच हिवाळा काढते. लडाखमधील पर्नेसियस स्टोलिक्झकानस हे नाव भूवैज्ञानिक फर्डिनांड स्टोलिक्झका यांच्यावरून पडले. ते 1874 मध्ये लडाखमध्येच वारले. पर्नेसियस जॅकमोंटी हे नाव ज्यांच्यावरून आले ते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकमों हिमालय आणि काश्मीर हिंडून आले आणि 1832 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

तापमानवाढीत या फुलपाखरांना धोका वरून आणि खालून दोन्हीकडून आहे. कॅनडातील अल्बर्टाच्या जंपिंगपाउंड कड्यावर पर्नेसियस स्मिन्थियसचा अनेक वर्षे अभ्यास झाला. कुरणे एकमेकांपासून तुटण्यात अंतरापेक्षा मधल्या जंगलाचा वाटा मोठा असल्याचे जनुकीय मोजमापांतून दिसले. वृक्षरेषा वर सरकते तशी ही भिंत वाढते. नोव्हेंबरमधील तापमानाचे टोकाचे चढउतारही पुढल्या उन्हाळ्यातील संख्या घटवतात. पण कुरणांमध्ये ये-जा चालू असेल तर समूह कोसळल्यानंतरही जनुकीय विविधता भरून येते, हेही तिथेच सिद्ध झाले. ये-जेच्या या वाटा राखणे हे संरक्षणाचे पहिले काम असायला हवे.

दक्षिण भारतात कोलियासची एकच जात आहे : कोलियास नीलगिरिएन्सिस. नीलगिरी आणि आसपासच्या उंच डोंगरांवरची शोला-गवताळ जमीन हे तिचे घर. तिचे आप्त हिमालयात राहतात, मधल्या शेकडो कोसांत कुणी नाही. या गवताळ जमिनीचा मोठा भाग वॅटल, निलगिरी आणि पाइन यांच्या लागवडीखाली गेला आहे. नीलगिरीतील सर्वांत उंच शिखर दोड्डबेट्टा 2,637 मीटरांवर संपते. त्यावर सरकायला जागा नाही.