बाटलीत आहे तरी काय?

२०२१ मध्ये मी कल्याणला कोविडची लस घ्यायला गेलो. टेबलावरच्या ताईंनी विचारलं, “कसली ॲलर्जी?” म्हटलं, “अंड्याची.” त्यांनी लिहून घेतलं. लस टोचल्यावर म्हणाल्या, “अर्धा तास इथेच बसायचं हं.” बसलो. डोक्यात एकच प्रश्न: या बाटलीत आहे तरी काय?

हा प्रश्न मुंबईत सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतली. जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागायचं. गाय, डुक्कर इथे कोणाला चालणार? म्हणून बोकडाचं मांस, वर तुपाचे थेंब! तेव्हाची शंका धर्माची होती. ‘ॲलर्जी’ हा शब्दच नव्हता. तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. घोड्याच्या सीरमचं इंजेक्शन घेतलेली मुलं त्यानेच आजारी पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

मधे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिननी लशीतून कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, त्यामुळे बोट त्यांच्याकडेच. काम सुटलं. नंतर पुढे आलं ते वेगळंच: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ पासून परळच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

म्हणजे संशय घ्यायला मिनिट लागतं, खरं कारण कळायला पाच वर्षं.

आता माझं अंडं. कोविशील्ड मानवी पेशींवर बनायची, कोव्हॅक्सिन माकडाच्या किडनीच्या पेशींवर. अंड्याचा संबंधच नव्हता! कोविशील्डमध्ये पॉलिसॉर्बेट ८० मात्र होतं. ज्याला त्याची ॲलर्जी, त्याने सांगायलाच हवं. पीतज्वराची लस अंड्यातच वाढवतात, तिथे माझं उत्तर महत्त्वाचं ठरेल.

म्हणून मंडळी, ॲलर्जी लपवू नका आणि तिच्या नुसत्या भीतीने लस चुकवूही नका. कशाची, काय झालं होतं, हे डॉक्टरांना नीट सांगा. आणि तो अर्धा तास बसा. जोराची रिॲक्शन बहुतेक वेळा त्यातच येते, आणि ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन तिथेच हाताशी असतं.

भेटू पुढच्या भागात.