बिनबियांच्या पांढऱ्या द्राक्षाची दख्खनवाट

महाराष्ट्रात ‘थॉमसन सीडलेस’ म्हणून ओळखले जाणारे पांढरे द्राक्ष मूळचे पश्चिम आशियातील. तिकडे ते किशमिश किंवा सुलताना या नावांनी परिचित आहे. 1922 नंतर आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये गेलेल्या निर्वासितांमुळे क्रीट बेटावर त्याची लागवड वाढली. तिथे ते ‘सुलतानिना’ झाले आणि बेदाण्याबरोबर वाइनसाठीही वापरले जाऊ लागले. त्याआधी, 1870 च्या दशकात, विल्यम थॉमसन यांनी हाच वाण कॅलिफोर्नियात वाढवला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले.

आता दख्खनकडे वळू. मराठवाड्यातील बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात गाजलेले पांढरे द्राक्ष मात्र थॉमसनपेक्षा वेगळे होते. 1890 च्या सुमारास हैदराबादेत अब्दुल बाकर खान यांनी आणलेल्या ‘अनाब-ए-शाही’चे मणी मोठे, रसदार आणि बियांचे. थॉमसन महाराष्ट्रात 1960 नंतर पसरला. बी नाही, साल पातळ, गोडी भरपूर, आंबटपणा व सुगंध बेताचा, असा त्याचा स्वभाव. म्हणून तो खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी उत्तम ठरला. नाशिकच्या पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां हे वाण निवडले गेले, ते आम्ल आणि सुगंधासाठी.

शेतकऱ्यांच्या बागांतच थॉमसनने नवी रूपे घेतली. वेगळी दिसणारी काडी ओळखून, जपून तासगाव भागात ‘तास-ए-गणेश’, तर सोलापूर जिल्ह्यातील नान्नजला ‘सोनाका’ पुढे आला. वर्षातून दोनदा छाटणी हे इथले तंत्र: एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते, ऑक्टोबरमधील फळछाटणीने घड मिळतो. क्षार आणि पाणीटंचाई सोसणाऱ्या डॉग्रिज खुंटावर कलम बांधण्याची पद्धतही रुळली.

द्राक्षाला मानवणारी कोरडी हवा आणि भरपूर ऊन बीडमध्येही आहे. अडचण पाण्याची आणि अवेळी पावसाची. जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्याने जिल्ह्याच्या काही भागात सिंचन आले. तरीही बालाघाट डोंगररांगेतील हलक्या, उथळ जमिनीत टंचाई कायम आहे. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीने तर मराठवाड्यातील उभी पिके झोडपली, आणि द्राक्षाची काढणी याच दिवसांत येते. त्यामुळे या भागात बाग लावताना वाणाच्या नावापेक्षा खुंट, उन्हाळ्यातील पाणी आणि काढणीची वेळ यांचा विचार आधी व्हायला हवा.