ट्रॉटर त्रुटी

ट्रॉटर त्रुटी ही क्वांटम संगणकावर एखाद्या भौतिक प्रणालीचे डिजिटल सिम्युलेशन करताना काळाचे लहान पायऱ्यांत विभाजन केल्यामुळे उद्भवणारी त्रुटी होय. गणितज्ञ हेल ट्रॉटर यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या गुणाकार सूत्रावरून हे नाव पडले.

== पार्श्वभूमी ==
क्वांटम प्रणालीचे अनुकरण क्वांटम यंत्रानेच करावे, ही कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडली. सेथ लॉइड यांनी १९९६ मध्ये त्यासाठी ट्रॉटर सूत्रावर आधारित रीत दाखवली. तीत प्रणालीतील वेगवेगळ्या आंतरक्रिया एकाच वेळी न घडवता थोड्या थोड्या काळासाठी आळीपाळीने घडवल्या जातात.

== त्रुटीचे स्वरूप ==
क्वांटम क्रियांचा क्रम बदलल्यास फल सामान्यतः बदलते. म्हणून आळीपाळीची क्रिया मूळ उत्क्रांतीशी तंतोतंत जुळत नाही. एकूण काळ तोच ठेवून पायऱ्यांची संख्या दुप्पट केल्यास प्रथम क्रमाच्या सूत्रातील त्रुटीची मर्यादा सुमारे निम्मी, तर द्वितीय क्रमाच्या सूत्रात सुमारे एक चतुर्थांश होते. मात्र पायऱ्या वाढल्या की गेटही वाढतात आणि प्रत्येक सदोष गेट स्वतःची त्रुटी जोडते. त्यामुळे पायरी किती मोठी चालेल, हा कळीचा प्रश्न ठरतो.

== केऑसचा उंबरठा ==
ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होणारी ही क्रिया म्हणजे प्रणालीला नियमित धक्के देण्यासारखेच असते. मार्कुस हाइल, फिलिप हाउके व पीटर झोलर यांनी २०१९ मध्ये दाखवले की, पायरी एका उंबरठ्यापेक्षा लहान असल्यास स्थानिक राशींमधील त्रुटी दीर्घकाळानंतरही आटोक्यात राहते. उंबरठा ओलांडताच प्रणाली केऑसच्या अवस्थेत जाते व उत्तर निरुपयोगी होते. त्याच वर्षी लुकास झीबरर व सहकाऱ्यांनी हाच बदल ‘किक्ड टॉप’ या प्रतिमानात अभ्यासला. फ्रिट्झ हाके व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात एका मोठ्या स्पिनवर अरेषीय पीळ व रेषीय धक्का आळीपाळीने दिले जातात.

== पुण्यातील प्रयोग ==
पुण्यातील पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) टी. एस. महेश व सहकाऱ्यांनी दोन क्यूबिटांचा किक्ड टॉप प्रत्यक्ष साकारला. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन अणुकेंद्रकांचे स्पिन हेच क्यूबिट होते. पिळासाठी त्यांमधील अप्रत्यक्ष युग्मन, तर धक्क्यांसाठी रेडिओ स्पंद वापरले गेले. एंट्रॉपी मोजून क्वांटम वर्तनाचा अभिजात केऑसशी असलेला संबंध तपासण्यात आला. हा प्रयोग ट्रॉटर त्रुटी मोजण्यासाठी नव्हता. तथापि त्यातील रचना ट्रॉटर पायऱ्यांसारखीच आहे.