खिशातला चाकू

गेल्या मार्गशीर्षात एका इमारतीत शिरताना दारावरच्या मुलाने माझ्या खिशातला चाकू काढून घेतला. "काका, हे आत नाही चालणार. जाताना घेऊन जा," तो आदबीने म्हणाला आणि चाकू एका प्लास्टिकच्या टोपलीत टाकला. दोन तासांनी परत आलो तेव्हा पाळी बदलली होती, टोपली रिकामी होती, आणि नव्या माणसाला कशाचाच पत्ता नव्हता. वस्तू जुनी, किंमत काहीच नाही. तक्रार तरी काय करणार? पण तो चाकू अण्णांचा होता आणि अण्णांच्या आधी आजोबांचा. पात्याच्या बुडाशी एक चांदणी आणि एक क्रूस कोरलेला होता. झिजून झिजून पाते निम्मे उरले होते.

घरी सांगितले तर सूनबाईंनी साधा प्रश्न केला, "पण बाबा, रोज खिशात चाकू लागतो कशाला?" मला पटकन उत्तर देता आले नाही. पन्नास वर्षे जी वस्तू खिशात होती तिचे समर्थन करण्याची वेळ कधी आलीच नव्हती. नवा चाकू घ्यायचा म्हणून शोधू लागलो आणि त्या शोधातून हा लेख झाला.

मावळात शस्त्रांच्या इतिहासाला तोटा नाही. आमचे तळेगाव तर सरसेनापती दाभाड्यांचे. तलवार, पट्टा, कट्यार, बिचवा यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखे आली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. मीही गेलो होतो. पण ज्या पोलादाने माणसे रोज काहीतरी कापत, सोलत, तासत होती, त्याची दखल इतिहासाने फारशी घेतलेली नाही. वापरून झिजलेली वस्तू संग्रहालयात जात नाही, भंगारात जाते.

'चाकू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तुर्कस्तानात आजही 'चाकी' म्हणतात तो खिशात मावणारा, मिटणारा चाकूच. मिटणारे पाते ही कल्पना त्याहून फार जुनी. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू इसवी सनापूर्वी पाच-सहाशे वर्षांचा मानतात. आपल्याकडे कापण्याचे घरातले मुख्य साधन विळी. ती जमिनीवर असते आणि पदार्थ तिच्याकडे जातो. शेतात विळा, कोयता. पानाच्या चंचीत अडकित्ता. मग मिटणारा चाकू कोणाच्या कमरेला होता? माझे उत्तर असे की तो लेखणीवाल्याच्या कमरेला होता.

बोरूने ज्यांनी कित्ता गिरवला आहे त्यांना हे सांगायला नको. बाजारातून आणलेला बोरू म्हणजे नुसती वेताची कांडी. तिला आधी लांब तिरका काप द्यायचा, आतला भुसा खरवडून काढायचा, मधोमध बारीक चीर पाडायची आणि मग कांडी कठीण लाकडावर टेकवून टोक एका घावात तिरके छाटायचे. देवनागरीच्या टोकाचा तिरकेपणा रोमन लिपीच्या उलट बाजूचा असतो. हा शेवटचा घाव चुकला तर सगळी मेहनत वाया. शिवाय बोरू लिहून लिहून बोथट होतो. दिवसभर लिहिणाऱ्याला तो पुन्हापुन्हा तासावा लागतो. फारसीत यासाठी वेगळा चाकूच होता, 'कलमतराश'. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल पाहताना शाईची जाड-बारीक रेघ दिसते, तेव्हा मला त्या रेघेमागचे पाते दिसते. कारकून जितका चांगला, तितकी त्याच्या चाकूची धार चांगली असणार. इंग्रजांचे 'पेननाइफ'ही याच कुळातले. तिकडे बोरूऐवजी पिसाची लेखणी, एवढाच फरक. पुढे बर्मिंगहॅमच्या पोलादी निबांनी दोन्हींचे काम संपवले, पण नाव राहिले.

अण्णा रविवारी संध्याकाळी आम्हा भावंडांचे आठवड्याचे बोरू तासून ठेवीत. आम्ही चाकूला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. मी चौथीत गेलो तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला. देताना मिटवून दिला आणि घेतल्यावर पाते माझ्याकडे न करता उघडायला लावले.

त्या पात्यावरची चांदणी आणि क्रूस ही शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याची खूण. ती १६८२ची. या लोकांनी १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पंचाहत्तर पाती-अवजारांचा एक अवाढव्य चाकू मांडला होता. तो खिशात घालायला हत्तीच हवा. पण जाहिरात झाली. शेफिल्डच्या चांगल्या चाकूंच्या मुठी बराच काळ हिंदुस्थानातून गेलेल्या सांबरशिंगाच्या असत. म्हणजे शिंग आपल्या जंगलातले, पोलाद त्यांचे, आणि दोन्ही जोडून वस्तू पुन्हा आपल्यालाच विकत. कापूस आणि मँचेस्टरची गोष्ट आपण पाठ केली आहे. ही तिची धाकटी बहीण.

इथे तळेगावचा संबंध येतो. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली आमच्या गावात काचेचा कारखाना निघाला. विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालयही तेव्हा इथेच होते. सरकारने १९१० साली ते बंद पाडले. अशा गावात आजोबा वाढले, आणि तरी त्यांच्या खिशात शेफिल्डचा चाकू. लहानपणी मला याचा राग येई. आता वाटते, काच इथे ओतता आली, पण एवढ्याशा पात्याला पाणी देणे, म्हणजे ते तापवून नेमक्या वेळी विझवणे, आणि पाठीची पट्टी वर्षानुवर्षे ढिली पडणार नाही अशी घडवणे ही फार नाजूक कारागिरी आहे. कारागीर आपल्याकडे नव्हते असे नाही. शिकलगार हा शब्दच मुळी शस्त्रांना सैकल, म्हणजे झिलई, करणाऱ्याचा. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय तलवार-भाला बाळगणे गुन्हा झाला आणि आधीच आटत चाललेले त्यांचे काम आणखी आटले. ज्या हातांनी तलवारी उजळल्या त्यांनी दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावली. माझ्या लहानपणी सराणाचे चाक फिरवत येणारा माणूस अण्णांचा चाकू हातात घेऊन आधी नखावर पाहायचा, मगच चाकाला लावायचा.

बोरू गेला आणि चाकूची अब्रूही गेली. पुढे तो उरला मुंबईच्या सिनेमातल्या गुंडाच्या हातात, रामपुरी होऊन, आणि वर्तमानपत्रात 'चाकूहल्ला' होऊन. दारावरच्या त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पिढीने चाकू पाहिला तो बातमीतच.

कायद्याचे काय, ते मी वाचून घेतले. शस्त्र नियमांत पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते परवान्याच्या यादीत जाते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी केलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई हुकूम निघाला असेल तर चाकूच काय, काठीही बाळगता येत नाही. गंमत म्हणजे मराठीत लेखणीही कलम, कायद्याचे पोटही कलम आणि झाडाचेही कलमच.

आणि हे तिसरे कलमच मला उपयोगी पडले. तळेगावाभोवती आता काचेपेक्षा गुलाबाचे नाव मोठे आहे. औद्योगिक महामंडळाचे फुलशेती उद्यान इथे आहे, आणि फेब्रुवारीच्या आधी मावळातल्या हरितगृहांतून परदेशी फुले जातात. फूल तोडायला सिकेटर लागतो. पण रोप तयार होते ते चाकूने. खुंटाच्या सालीवर इंग्रजी 'टी'सारखा छेद घ्यायचा, साल हलकेच उचलायची, हव्या त्या जातीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचे. याला डोळा भरणे म्हणतात. ओळखीच्या एका रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाई मिटणाऱ्या चाकूने हे इतक्या झपाट्याने करतात की छेद कधी घेतला ते कळत नाही. मी त्यांना विचारले, कोणता चाकू घेऊ? त्यांनी उलट विचारले, "सर, काय कापणार?"

मी सांगितले: पेरू, सुतळी, पाकिटे, पेन्सिल आणि जमला तर बोरू. तोवर मी बरेच वाचले होते. फ्रान्सचा ओपिनेल १८९०पासूनचा. लाकडी मूठ आणि पाते मिटू नये म्हणून फिरवायची कडी, जी १९५५ साली आली. स्विस सैनिकांचा १८९१चा, पाते, टोच्या, डबाफोडणी आणि पेचकस असलेला. जपानचा हिगोनोकामी, ज्याला ना स्प्रिंग ना कुलूप. पात्याची शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. शाळकरी पोरे त्याने पेन्सिली तासत, पण १९६०च्या सुमारास तिकडेही मुलांच्या हातातून चाकू काढून घेण्याची मोहीम झाली. बाईंनी यातले काहीच ऐकून घेतले नाही. म्हणाल्या, खटक्याचा घेऊ नका, तो दाखवायचा असतो. पाते चार बोटांहून लांब नको. न गंजणारे नको, साध्या पोलादाचे घ्या; ते काळे पडेल, पण दगडावर दोन मिनिटांत धार घेईल. आणि उघडताना-मिटताना पाते बाजूला हलत असेल तर फुकट दिला तरी नको.

तसाच घेतला. शिसवी मूठ, पाते एकाच बाजूने घासलेले, मागे साल उचलायची पितळी पट्टी. पेरू कापल्यावर पात्यावर निळसर डाग पडला तो पुसून जात नाही. गर्दीच्या ठिकाणी जाताना आता तो घरीच ठेवतो.

परवा नातीला शाळेच्या सुलेखनासाठी बोरू हवा होता. अंगणातच बसलो. पहिले दोन फुकट गेले, तिसऱ्याला चीर सरळ पडली. ती चाकू मागू लागली. तिसरीत आहे. मी तिला म्हटले, पुढच्या वर्षी.