ज्यासारणीतील मधल्या किमती

आर्यभटाच्या सारणीत (इ.स. ४९९) वर्तुळाचा चतुर्थांश २४ समान भागांत विभागलेला आहे. प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे ३ अंश ४५ कलांचा असून त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. सारणीत नसलेल्या कोनाची ज्या त्रैराशिकाने काढतात. याचा भौमितिक अर्थ असा की, लगतचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडून वक्राच्या जागी २४ रेषाखंडांची साखळी घेतली जाते.

ज्यांमधील फरक २२५, २२४, २२२ असे सुरू होऊन अखेर २२ आणि ७ पर्यंत उतरतात. आरंभी वक्र जवळजवळ सरळ असल्याने तेथे चूक नगण्य राहते. नव्वद अंशांकडे तो अधिक वळतो आणि चूक वाढते. शेवटच्या खंडाचे उदाहरण बोलके आहे. ३४३१ आणि ३४३८ यांच्या ऐन मध्यावर त्रैराशिकाने ३४३४.५ मिळतात, खरी किंमत मात्र सुमारे ३४३६.२ आहे. या चतुर्थांशात वक्र बाहेर फुगलेला असल्यामुळे टोके अचूक असतील, तर रेषाखंड नेहमी त्याच्या खालीच राहतो आणि उत्तर किंचित कमी येते.

खंडांची लांबी निम्मी केली की कमाल चूक सुमारे एक चतुर्थांश होते, पण सारणी दुप्पट लांबते. हाती गणित करणाऱ्याला हा भार मोठाच. ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यका’त (इ.स. ६६५) अधिक सुंदर मार्ग काढला: लगतच्या दोन फरकांमधील फरकही हिशेबात घेऊन त्याने सरळ खंडाच्या जागी परवलयाचा तुकडा बसवला.