ठिपक्यापासून शेतापर्यंत

१९७२ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. त्याच्या चित्रांतील एकेक ठिपका, ज्याला पिक्सेल म्हणतात तो, जमिनीवरील सुमारें ८० मीटर लांबीरुंदीचा तुकडा दाखवीत असे. दीड एकराहून अधिक जमीन, आणि तिची सारी हकीकत चार आंकड्यांत! गणकयंत्र प्रत्येक ठिपक्याला एकटें गांठून विचारी, ‘तूं पीक कीं पाणी?’ शेजाऱ्याची साक्ष काढण्याची रीत नव्हती. त्यामुळें मक्याच्या शेतांत मध्येंच एखादा ठिपका जंगल ठरे.

परड्यू विद्यापीठांतील केटिग व लँडग्रीब यांनीं १९७६ मध्यें निराळी वाट दाखविली. ठिपक्यांचे लहान लहान गट पाडावयाचे, गट एकजिनसी निघाल्यास तो शेजारच्या सारख्या गटास जोडावयाचा, आणि अशा रीतीनें सिद्ध झालेल्या सबंध शेतालाच एक नांव द्यावयाचें.

यांतील हिशेब मोठा गमतीचा आहे. दर खंडाचे तीन आंकडे जपले कीं पुरे: ठिपक्यांची संख्या, त्यांच्या मूल्यांची बेरीज आणि मूल्यांच्या वर्गांची बेरीज. दोन खंड एक झाले तर केवळ मिळवणी. सारे ठिपके पुन्हां मोजावयास नकोत. त्यांतूनच सरासरी निघते आणि प्रमाणविचलनहि. वाण्याची खातेवही याहून फार निराळी नसते.

परंतु नुसती सरासरी दगा देते. एका खंडांत १० ठिपके उन्हांतील छपराचे, मूल्य १२०; १० ठिपके सावलीचे, मूल्य २०. सरासरी ७०, आणि ७० मूल्याची वस्तु तर तेथें कोठेंच नाहीं! शेजारच्या गवताचे वीसहि ठिपके ७० चे असले, तर सरासरीच्या लेखीं घर आणि गवत एकच. प्रमाणविचलन मात्र भेद सांगतें: गवताचें शून्य, घराचें ५०.

१९९९ मध्यें इकोनॉस उपग्रह एका मीटरच्या तपशिलाचीं चित्रें धाडूं लागला, तेव्हां एकेका घराचेच शेंकडों ठिपके झाले. २००० सालीं बाट्झ व शेपे या जर्मन संशोधकांनीं नियम मांडला: दोन खंड जोडल्यानें विषमता किती वाढते तें पाहावें, ठिपक्यांच्या संख्येनें गुणिलेलें प्रमाणविचलन आणि जोडीला आकार, दोन्ही जमेस धरावीं, वाढ ठरीव मर्यादेच्या आंत असेल तरच जोड मान्य करावी. ही मर्यादा बहुधा माणसालाच ठरवावी लागते. ती फार लहान ठेवली तर एका घराचे दहा तुकडे होतात. फार मोठी ठेवली तर बांधावरची झोपडी शेतांत विरघळते, आणि घरांच्या मोजणींत तिचें नांवहि येत नाहीं.